दादाची बाग आणि माझी हिरवी रेषा

८ फेब्रु. ८६, पांढुर्णा
शहराचा आराखडा आज हरकतींसाठी कार्यालयाबाहेर लागला. त्यातला हरित पट्टा मी आखलेला. जाम नदीपर्यंतच्या संत्राबागा आत. तेथे यापुढे घरे नाहीत. महानगरांना हे सुचेपर्यंत त्यांच्या बागा संपल्या होत्या. आपण वेळेवर आहोत. रेषा देखणी उतरली. इथे दुसऱ्या कुणाला जमली नसती. दादाची बागही आत. वगळता आली असती. वगळली नाही.

१२ फेब्रु.
दादाला सांगितले. बागेच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर त्याला घर बांधायचे आहे. विटा येऊन पडल्या आहेत.
“काय करून राहिली तू, बाई? तुह्या डब्यात दुसरा रंग नव्हता का?”
वहिनी म्हणाली, “नणदेनं वावराले हिरवं लुगडं नेसवलं. आता ओटी भरा!”
हसू आवरले नाही. तरी बजावले, हरकत लेखी लागते.
“देतोच मंग!”

१६ फेब्रु., रवि.
दादाची हरकत वाचली. अडीच पाने, पूर्णविराम शून्य. अर्धी हिंदी, अर्धी मराठी. ओरड भरपूर, मुद्दा नाही. आमच्या घरातून असा कागद जाणे अशक्य. नव्याने लिहायला घेतली. विचारले, बागांत बंदी आली तर लोक बांधतील कुठे?
“कुठी म्हंजे? पुलापलीकडं, सावरगावले. तिकडं तुहा रंग नाही. तिकडच्या बागा जातीन, अन् मी मधात बसून गाड्या पाहीन.”
पेन थांबले. शहर पट्टा ओलांडून पलीकडे उतरते, यावर दिल्लीत माझाच प्रबंध... असो. मुद्दा क्र. १ म्हणून घातला.

१८ फेब्रु.
संध्याकाळी पूल ओलांडून सावरगावला. नदीशी माझ्या आराखड्याची हद्द संपते. दोन शेतांत चुन्याने प्लॉट आखलेले. रेषा वाकड्या, पण ठाम.

२० फेब्रु.
साहेबांना लेखी कळवले: हरकतदार सख्खा भाऊ, मसुदा माझा, निर्णयात मी नसेन. हसून हसून त्यांचा चहा सांडला. “मॅडम, फैसला मैं करूँगा। जवाब तो आप ही लिखेंगी, पट्टा आपका है!”

२२ फेब्रु.
सुनावणी सोमवारी. दादा भलताच खुशीत. हरकत वहिनीला दोनदा वाचून दाखवली म्हणे. पट्टा हवाच, त्यावर मी ठाम आहे. नदीपलीकडे न्यावा? की बागवाल्याला बागेत एका घराची मुभा... उत्तरात दोन्ही लिहिले, दोन्ही खोडले. त्याची मूळ अडीच पाने असती तर तासाभरात फेटाळली असती.