कडं कापावं लागलं

मडगाव

याडी,

तुह्या पायाले हात लावतो. जय सेवालाल. मी बरा हाय, जेवण वेळेवर होते. बापूचा खोकला कसा हाय?

फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असती, म्हणून लिहून राह्यलो. आमच्या गॅरेजात राहाय-झोपायची सोय असलेली एक व्हॅन आली. तिच्यातल्या पंख्या-फ्रीजसाठी दुसरी बॅटरी बसवत होतो. अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याले आधीच जोडली होती. प्लसचा नट कसताना तू दिलेलं चांदीचं कडं एका बाजूनं त्या नटाले अन् दुसऱ्या बाजूनं पत्र्याले टेकलं. ठिणग्या उडाल्या, कडं तापून लाल झालं अन् तिथंच चिकटलं. हात निघेना! "बादल, हालू नको!" असं ओरडत माह्यासंगच्या श्रावणनं अर्थिंगची वायर उपटली.

मनगट भाजलं. कडं कापावं लागलं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून मी बॅटरीले खेळणं समजत होतो. अजून विश्वास बसून नाही राह्यला.

डाव्या हातानं लिहिलं, म्हणून अक्षर वाकडं हाय.

कड्यासाठी रागावू नको. आपला राजूदादा कडं घालूनच ट्रॅक्टरची बॅटरी खोलते. संगीतानं हे पत्र वाचून दाखवलं की लगेच उठ, अन् त्याच्या हातातलं कडं काढून घे.

तुहा लेक,
बादल