बसलेले ते सहमत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (त्यातली दोन अंगं म्हणजे माझे गुडघे सध्या माझं ऐकत नाहीत, तेव्हा नमस्कार तूर्त सहा अंगांचाच धरावा. उरलेली दोन बरी झाली की पोचती करतो.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता तुला लांबचं स्वच्छ दिसतं, आणि त्यामुळे गॅलरीच्या टोकाला बसून भाऊजी चोरून काय खातात तेही दिसतं, असं भाऊजींनीच मला फोनवर फार दुःखाने सांगितलं. त्यांचा खोकला कसा आहे? फोनवर तरी ते खोकण्याच्या मधल्या वेळात बोलत होते. माझ्या मागच्या पत्राला उत्तर देताना, मी पत्र लिहीत नाही, जबानी देतो, असा शेरा तू मारला होतास. शेरा मान्य आहे. हीसुद्धा जबानीच आहे, फक्त या खेपेला आरोपीही मीच आहे.

तर मुद्दा असा, की भिंगरीचे पाढे बंद झाले. शाळेतही बंद आणि घरातही बंद. चिरंजीवांची ही एकुलती एक लेक (एका जागी दोन क्षण ठरत नाही म्हणून भिंगरी) दुसरीत आहे हे तुला माहीत आहेच. दुपारी ती शाळेतून आली, जेवली, की आम्ही दोघं माझ्या खोलीतल्या पलंगावर आडवे होतो, पाय भिंतीला लावतो आणि पाढे म्हणतो. दोनापासून सुरू करून वीसपर्यंत. मी तिच्याकडून रोज न चुकता वीसपर्यंत म्हणून घेतो, आणि मगच चष्मा काढून खिडकीत ठेवतो आणि जरा पडतो. शिस्त म्हणजे शिस्त. आमची ही गेल्यापासून दिवसाची कामं एकेक करून माझ्या हातून सुटत गेली. भाजी आता घरपोच येते, बिलं चिरंजीव फोनवरूनच भरतात, आणि झाडांना पाणी घालायला त्यांनी एक यंत्र आणलं आहे जे माझ्यापेक्षा वक्तशीर आहे. उरले होते ते पाढे.

आता शाळेबद्दल. शाळा खाजगी आहे आणि तिथे कुठल्याही गोष्टीला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. वर्गाला 'घरटं' म्हणतात, बाईंना 'सोबतीण', मुख्याध्यापिकाबाईंना 'मोठी सोबतीण', विषयाला 'प्रवास' आणि परीक्षेला 'झलक'. फीला मात्र फीच म्हणतात. गेल्या झलकेत प्रश्न होता, की सात आणि आठ एकमेकांना भेटले तर काय होईल? एका मुलाने लिहिलं की ते दोघं खेळायला जातील. त्याचं उत्तर व्हरांड्यात चौकटीत लावलं. दुसऱ्या एकीने लिहिलं की आठ सातवर दादागिरी करेल, तर तिच्या आईवडिलांना बोलावून मुलीची समज किती खोल आहे ते सांगितलं. आपल्या भिंगरीने पंधरा लिहिलं. त्यावर शेरा आला की मुलगी हुशार आहे, पण अजून मोकळी व्हायची आहे.

अशा या शाळेने नव्या सत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम ठरवण्यासाठी पालकांची सभा बोलावली. चिरंजीव कामासाठी परगावी गेलेले. सूनबाईंच्या दवाखान्यात एका गृहस्थांची दाढ अर्ध्यावर आलेली. (ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते आणि घरी आल्यावर मला बंद ठेवा म्हणते.) म्हणून मला पाठवलं. निघताना तिने एकच सांगितलं, "बाबा, तिथे काही बोलू नका." ताई, मी तुझ्या पायांची शपथ घेऊन सांगतो, मी एक अक्षरही बोललो नाही. जे काही झालं ते न बोलता झालं.

सभा भिंगरीच्याच घरट्यात होती आणि बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या. मोठ्यांनी मुलांच्या उंचीवरून जग पाहावं, असा त्यामागे विचार होता. खुर्ची हिरवी, प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना हात असलेली, आणि जमिनीपासून इतकी जवळ की बसताना मी मध्येच थांबून अजून खुर्ची आहे ना याची खात्री करून घेतली. बसलो. म्हणजे बाजूचे हात मला धरून बसले आणि गुडघे छातीपाशी आले. शेजारी एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ होते, त्यांचा मुलगा भिंगरीच्याच वर्गात आहे. ते सडपातळ असल्यामुळे त्यांना काही वाटत नव्हतं.

मोठ्या सोबतीणबाईंनी पडद्यावर एक झाड दाखवलं. मुळाशी कुतूहल, खोडात आनंद, फांद्यांवर अनुभव. गणित कुठे आहे ते मी शोधत होतो, ते शेवटी एका पानावर सापडलं, तेही गळायच्या बेतात होतं. मग बाई म्हणाल्या, की पाठांतर म्हणजे मुलाच्या मनावर घातलेलं कुलूप. म्हणून या सत्रापासून चौथीपर्यंत पाढे पूर्ण बंद, शाळेत बंद आणि घरीही कोणी म्हणून घ्यायचे नाहीत. पण शाळा लोकशाही मानते, तेव्हा मतं घेऊ. आता हात वर करणं म्हणजे परवानगी मागणं आणि परवानगी मागणं म्हणजे भीती, म्हणून तिथे हात वर करत नाहीत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं, जे सहमत असतील त्यांनी बसून राहावं.

मी विरोधात होतो हे वेगळं सांगायला नको. माझ्याइतका विरोधात त्या घरट्यात दुसरा कोणी नसेल. लिफ्टवाले टुणकन उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या काही आया उभ्या राहिल्या. मी पहिला जोर लावला, तर खुर्ची माझ्याबरोबर थोडी वर आली आणि परत बसली. दुसरा जोर लावला, तेव्हा डाव्या गुडघ्यातून असा आवाज आला की बाईंनी पंख्याकडे पाहिलं. लिफ्टवाले वाकून म्हणाले, "काका, हात देऊ का?" मला बोलायचं नव्हतं, म्हणून मी जोरजोरात मान हलवली. मी होकाराची हलवली होती. त्यांना नकाराची वाटली. (वेदनेत मान कुठल्या दिशेला जाते यावर आपला ताबा नसतो.) त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शेवटी हाही म्हातारा त्यांचाच निघाला. मोजदाद झाली. ठराव एका मताने मंजूर. ते एक मत कोणाचं, हे तुला सांगायला हवं का?

बाई माझ्यापाशी आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाल्या, आम्हाला सर्वात जास्त धास्ती आजोबा मंडळींचीच होती, आणि तुम्ही तर शेवटपर्यंत ठाम बसलात. मी ठाम बसलोच होतो. पुढे त्या म्हणाल्या, की ज्यांना हा अभ्यासक्रम घरोघरी पोचवायला मदत करायची असेल त्यांनी थांबावं, बाकीच्यांनी निघायला हरकत नाही. सगळे निघाले. मी थांबलो. अशा रीतीने मी त्यांच्या 'पालकमित्र' समितीचा पहिला आणि एकमेव सभासद झालो. त्यांनी माझा फोटो काढला. तो पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. गुडघ्यात कळ आल्याने दात दिसत आहेत, त्याखाली लोकांनी 'चेहऱ्यावर केवढं समाधान' असं लिहिलं आहे. शेवटी शाळा झाडणाऱ्या मावशींनी खुर्ची मागे कलंडवून मला बाहेर ओढलं. त्या म्हणाल्या, यात काही लाजायचं नाही, प्रत्येक सभेला एखादा अडकतोच.

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. सूनबाई दारातच उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती माझ्याकडे कौतुकाने पाहते आहे असं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने तिच्या आईला फोन केला आणि बाबा किती बदलले ते मला ऐकू येईल असं सांगितलं. अशा वेळी मी खुर्चीत अडकलो होतो हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने माझ्या देखत दारामागचा पाढ्यांचा तक्ता काढला, गुंडाळला आणि कपाटावर ठेवला.

समितीचं काम म्हणजे घरोघरी 'गप्पा मारायला' जायचं आणि कुठे पाढे चालू नाहीत ना ते पाहायचं. मी जन्मभर लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचले, त्यामुळे नको असलेला पाहुणा म्हणून दार उघडून घेण्याची मला सवय आहे. पहिलंच घर लिफ्टवाल्यांचं निघालं. ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. मुलगा कुठे आहे विचारलं तर आंघोळीला गेलाय म्हणाली. न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता आणि त्या आवाजातून 'बारा साते चौऱ्याऐंशी' असं स्पष्ट ऐकू येत होतं. ताई, माझा ऊर भरून आला. मी सावकाश पाणी प्यालो, पोरगं बारा दाहे वीसासेपर्यंत पोचेस्तोवर बसलो, आणि अहवालात लिहिलं की घरातलं वातावरण मोकळं आहे, नळ मात्र दुरुस्त करून घ्यावा. लिफ्टवाल्यांनी निरोप देताना माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

पण आमच्या घरात नळ उघडून भागणार नाही, कारण पाण्याचं बिल चिरंजीवांच्या फोनवर येतं. पाढ्यांच्या जागी अभ्यासक्रमात 'आजी-आजोबांशी मुक्त संवाद' आहे. आम्ही करून पाहिला. दोघं आडवे झालो, पाय भिंतीला लावले. भिंगरी म्हणाली, बोला आजोबा. मी म्हटलं, तू बोल. ती म्हणाली, शाळेत सांगितलंय की तुम्ही बोलायचं. मी मीटरबद्दल थोडं बोललो. मग दोघं छताकडे पाहत पडलो. भिंतीवरचे तिचे पाय आपोआप ठेका धरत होते, पण तोंड मिटलेलं. मला झोप आली नाही. हे असं रोज चाललं आहे. तुला म्हणून सांगतो, ताई, मला फार वाईट वाटतं. दिवसातल्या त्या एका तासात कुणाला तरी माझा उपयोग होता, आणि तोही मी बसल्या जागी घालवला.

तरी माणसाने कागद पूर्ण वाचावा. अभ्यासक्रमाची पुस्तिका मी (समितीचा सभासद म्हणून) मागच्या पानापर्यंत वाचली आणि तिथे 'वारसागीत' नावाचा एक प्रवास सापडला. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एखादं गाणं मुलाने मोठ्यांकडून शिकायचं आणि रोज म्हणायचं, त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. आता आपल्या घराण्यात गळा कुणालाच नाही. चाल लावलेली एकच गोष्ट आपल्याकडे आहे. जिन्याच्या पायरीवर मला बसवून, हातात पट्टी घेऊन तू मला शिकवलास तो एकोणीसचा पाढा. 'एकोणीस चोक शहात्तर'ला तू सूर खाली न्यायचीस आणि 'पंचे पंच्याण्णव'ला असा वर चढवायचीस की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. ते गाणं नव्हे तर काय होतं?

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, आणि गॅलरीत बसताना पाठ तुझ्याकडे करून बसावं असा सल्ला. तुझ्या डोळ्याला जप. पट्टी अजून जपून ठेवली असशील तर तिलाही नमस्कार.

तुझा धाकटा (आणि तूर्त मोकळ्या विचारांचा) भाऊ

ता. क. : वारसागीत घरातल्या सर्वात वडील माणसाच्या आवाजातच हवं, असा नियम आहे. ते माणूस म्हणजे तू. तेव्हा भाऊजींकडून फोनवर रेकॉर्ड करून एकोणीसचा पाढा जुन्या चालीत ताबडतोब पाठव. भाऊजींना खोकू देऊ नकोस. सूनबाईने विचारलंच, तर ते गाणं एकोणीस नावाच्या एका मुलीबद्दल आहे आणि ती मोठी होत जाते, असं सांग. ते खोटंही नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी हा बेत भिंगरीच्या कानात सांगितला. ती खूश होईल असं वाटलं होतं, पण ती काळजीत पडली. म्हणाली, "एकच पाढा? मग तुम्हाला झोप कशी लागणार? तुम्ही तर तेराच्या पाढ्याला झोपता." मी म्हटलं, आपण रोज वीसपर्यंत जातो. ती म्हणाली, नाही, तेरापर्यंतच. मग तुम्ही घोरता, मग मी तुमचा चष्मा काढून खिडकीत ठेवते आणि खेळायला जाते. आजी गेल्यावर तुम्हाला दुपारी झोप येत नव्हती ना, म्हणून मी म्हणते. नाहीतर पाढे मला कुठे आवडतात?

तेव्हा ताई, तिला एकोणीसचा पाढा मुळीच येत नाही, कारण तिथवर मी कधी जागाच नव्हतो. तो तिला तुझ्याकडूनच शिकावा लागेल. सावकाश म्हण, आणि एकदा संपला की पुन्हा पहिल्यापासून म्हण. 'दाहे' झाल्यावर लगेच फोन बंद करू नकोस, थोडा वेळ नुसती थांब. चष्म्याची एक काडी माझ्या कानामागे अडकते, ती सोडवायला तिला जरा वेळ लागतो.