मनकर्णाबाईंच्या घरात पोटभाडेकरू

खामगाव, ता. ३ ऑगस्ट १९६४

रा. रा. जानरावभाऊ यांसी वामनचा रामराम. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, साखरखेर्ड्याला पाऊसपाणी बरे असेल, असे धरून चालतो. इकडे तुमच्या भगिनी सुखात आहेत. (माझे पुढे कळेलच.)

तुम्ही मोठ्या मनाने उकंडराव नावाचा जो सज्जन माणूस आमच्याकडे पाठवलात, त्याच्याविषयी हे पत्र. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी लागली आहे, समोरची खोली त्याला द्या, असे तुम्ही लिहिलेत, मी दिली. आमच्या घरमालकीण मनकर्णाबाई माडीवर राहतात, आणि विचारल्याशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची अट. म्हणून मी त्यांना उकंडराव हा माझा मामेसाळा असल्याचे सांगितले. (तुमच्या मामांना एक मुलगा वाढवून दिला, राग नसावा.) उकंडरावालाही नीट बजावले, की भिंतीत खिळा ठोकायचा नाही, पाहुणा आणायचा नाही आणि माडीवर बोलायला जायचे नाही. तो प्रत्येक गोष्टीला "हाव जी" म्हणाला. अशा माणसाला भ्यायला हवे होते.

स्वयंपाकघर गळते हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी बाईंना कधी सांगितले नाही, कारण त्या खाली आल्या की भाडे वाढवूनच वर जातात असा माझा समज. तुमच्या भगिनी चुलीशेजारी पातेली मांडून भाकरी थापत. हे उकंडरावाला बघवेना. गेला तडक माडीवर! बाई कौले शाकारणारा माणूस घेऊन खाली आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमी वामनरावाचे मामेसाळे ना?"

"नाही जी, मी त्याइचा भाडेकरू."

भाऊ, त्या क्षणी घर गळत असते तर मी त्यात वाहून गेलो असतो. बाई माझ्याकडे वळल्या. "काऊन हो वामनराव, मले इचारलं होतं काय? दुसऱ्याकडून भाडं घेता, अन् माह्या घराचे कवेलू फुटले ते सांगत नाही? दिवाळीच्या आत घर खाली करा."

तुमची बहीण रडू लागली. तेव्हा हा सज्जन मधे पडून माझ्यासाठी हात जोडू लागला. बाई विरघळल्या, पण कशा! सगळ्या घराची भाडेचिठ्ठी उकंडरावाच्या नावावर केली, आणि तो जबाबदार राहील तर आम्हाला मागच्या दोन खोल्यांत ठेवायला परवानगी दिली. आज मी माझ्याच पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू आहे. बाहेर त्याच्या नावाची पाटी लागली. खिळा मलाच धरायला लावला.

घरी सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा वामन

ता. क. आता मुख्य काम. उकंडरावाला "आई बिमार, निघून ये" अशी तार करा. तो गावी गेला की बाईंना मी समजावतो.

दुसरा ता. क. दादा, मी शालू. तार करू नको. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पावसात कोरड्या चुलीवर रांधून राह्यली. उकंडरावभाऊसाठी आपल्या गोजरबाईच्या रुख्मिणीचं स्थळ पाहा. पत्र टाकाले त्याइच्याजवळच देऊन राह्यली. पाकीट चिकटवलं नाही.