फक्त जवळची माणसं

१२ जानेवारी
भिंगरीचं लग्न ठरलं! भिंगरी म्हणजे माझी नात. लहानपणी एका जागी टिकत नसे. आता ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, तरी मी भिंगरीच म्हणते. मुलगा चांगला आहे. उंच इतका, की आमच्या पुढच्या खोलीतला बल्ब त्याने खुर्चीशिवाय बदलला. सूनबाई म्हणाली, आई, बल्बवरून कुणी माणूस पारखतं का? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला अजून खुर्ची घेऊनही जमत नाही.

लग्न मे महिन्यात, घरातच, पुढच्या खोलीत. सह्या घेणारे साहेब घरी येणार. भिंगरी म्हणाली, आजी, फक्त जवळची माणसं. आणि माझ्या शेजारी बसून साक्षीदाराची सही तू करायचीस, तू मला वाढवलंस. तुला जिने चढवत नाहीत, म्हणून तर घरी करतेय.

मला जिने चढवत नाहीत हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. असो. ही वहीसुद्धा तिनेच आणली, हात वळावा म्हणून. बँकेत माझी सही बघताना कॅशिअर मान तिरकी करतो. आता रोज एक पान लिहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

२ फेब्रुवारी
मधे थंडी होती.

९ फेब्रुवारी
दातवाल्याकडे गेले होते. त्याचा हात तोंडात होता तोवर गप्प बसले. हात काढल्यावर लग्नाचं सांगितलं. तो म्हणाला, वा वा. आता एवढं वा वा म्हटल्यावर या न म्हणणं बरं दिसलं असतं का? एकच माणूस. बायको आहे त्याला, पण ती त्याच्याबरोबरच येणार, म्हणजे वेगळी धरायला नको.

२१ फेब्रुवारी
सूनबाईने स्वतःच्या मावशीला बोलावलं. मी काही बोलले नाही, माझा तो स्वभाव नाही. पण जवळची म्हणजे किती जवळची? मावशी दुसऱ्या गावात राहते. चष्मेवाला आपल्या कोपऱ्यावर राहतो. त्याला मी सकाळीच सांगून आले.

गुडघे तपासणारी मुलगी येऊन गेली. मी तिला गुडघेवाली म्हणते, तिला आवडत नाही. रोज भिंतीला धरून पाय उचला म्हणाली. उचलेन. तिचं अजून लग्न नाही, म्हणून आईला घेऊन ये म्हटलं.

११ मार्च
बसस्टॉपवर एक बाई भेटल्या. नाव विचारायचं राहिलं. त्यांच्या नातीचं लग्न मोडलंय, फार वाईट वाटलं. त्यांना म्हटलं, आमच्याकडे या, मन रमेल. आमची बस तेवढ्यात आली, ती सोडून द्यावी लागली. नंतरचीही.

सहीचा सराव चालू. पहिलं अक्षर झकास येतं. पुढे हात दमतो.

१९ मार्च
घरात फार बोलणं झालं. माझा मुलगा बँकेत गेला होता, तर कॅशिअरने त्याला विचारलं, गाडी कुठे लावायची? मुलगा म्हणाला, कसली गाडी? मग सगळं बाहेर आलं. कॅशिअरला पोटात गोष्ट ठेवता येत नाही, आणि याच्याकडे आपण पैसे ठेवतो.

मुलगा म्हणाला, आई, या खोलीत माणसं बसणार कुठे, एकमेकांच्या मांडीवर? मी म्हटलं, मी कुणालाही बोलावलं नाही, फक्त या म्हटलं. सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे एकटीच हसली की काय केलं, भांड्यांच्या आवाजात कळलं नाही. भिंगरी एवढंच म्हणाली, आजी, मला तू हवी आहेस, कॅशिअर नकोय.

लेकरू किती प्रेमळ! उद्यापासून सगळ्यांना नाही म्हणून सांगून येते. मी तोंडावर बोलणारी बाई आहे.

२० मार्च
दातवाल्याकडे गेले, नको येऊ सांगायला. त्याच्याकडे नंबर लावणाऱ्या बाई आहेत, त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, आजी, मी नवी साडी घेतली तर चालेल ना? मी काय म्हणणार? चालेल म्हटलं.

बाकीच्यांकडे गेले नाही. एका दिवसाला पुरे.

४ एप्रिल
घर आता पुरणार नाही. दोन हॉल मिळतायत. एक तळमजल्यावर, पण लहान. दुसरा फर्निचरच्या दुकानावर, मोठा, जिना आहे, लिफ्ट नाही. मुलगा समोर बसून म्हणाला, आई, नीट सांग. माणसं कमी करतेस की जिना चढतेस?

मी म्हटलं, चढते. हसत चढते.

भिंगरीने दोनदा विचारलं, नक्की ना, आजी? मी तिला दाखवायला खुर्चीवरून झटकन उठले. दुसऱ्या झटक्यात.

५ एप्रिल
व्यायाम सुरू. भिंतीला धरून उभी राहिले. भिंतीला रंग द्यायला झालाय. मुलाला सांगितलं. या गडबडीत पाय उचलायचा राहिला.

२३ एप्रिल
सही जमली! अख्खी, एका ओळीत. होणाऱ्या नातजावयाला दाखवली. म्हणाला, आजी, फ्रेम करूया. मुलगा खरंच चांगला आहे.

व्यायामाचं म्हणाल तर गुडघा आतून तयार होतोय. वरून दिसत नाही.

९ मे
काल लग्न झालं.

सगळ्यांच्या आधी जिन्याशी गेले. मुलगा म्हणाला, खुर्चीत बसवून वर नेतो. मी म्हटलं, मी काय कपाट आहे? तुम्ही व्हा पुढे. मधल्या वळणापर्यंत छान चढले. तिथे जरा टेकले. मग चष्मेवाला आला, त्याच्याशी बोलले. कॅशिअर आला, गाडी लांब लावावी लागली म्हणून कुरकुरला. गुडघेवाली आईसकट आली, माझ्या पायाकडे बघून आईला घेऊन वर गेली. बसस्टॉपच्या बाई आल्या, त्यांना माझंही नाव माहीत नव्हतं. सगळी माझी माणसं, प्रत्येकाशी दोन शब्द नको का बोलायला?

नातजावई धावत खाली आला. साहेबांना दुसरीकडे जायचंय, उचलून नेऊ का म्हणाला. मी म्हटलं, आज तुझं लग्न आहे, पाठ सांभाळ. आलेच. उठले. गुडघा नाही उठला.

मग वर टाळ्या वाजल्या.

दातवाला खाली येऊन म्हणाला, साहेब थांबायला तयार नव्हते, घरातल्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक साक्षीदार कमी होता, कुणीही पाठवा म्हणाले. तुमच्या मुलाने मला पुढे केलं, तुमच्या एवढ्या ओळखीचा म्हणून. माझी सही काय, एका फटक्यात होते, म्हणाला.

त्याचं अभिनंदन केलं.

नंबर लावणाऱ्या बाई माझ्यासाठी ताट घेऊन आल्या. साडी खरंच नवी होती. जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, सही करताना आमची भिंगरी कशी दिसत होती हो? त्या म्हणाल्या, चेहरा नीट दिसला नाही, आजी. सारखी जिन्याकडे वळून बघत होती.