दादांनी काठोकाठ प्यायलेलं पाणी

बेलवली, बदलापूर (प.)
१२ जानेवारी २००६

प्रिय महेंद्रभावजी यांस सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत उत्तम असणार, कारण फोनवर सल्ला देताना तुमचा आवाज खणखणीत होता. भावनाचे गुडघे कसे आहेत? इकडे मी ठीक. तुमच्या दादांच्या मूत्राशयातली गाठ कॅन्सरची निघाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती नुसती अस्तरावर आहे की भिंतीच्या स्नायूत शिरली आहे, हे पाहायला मुंबईच्या डॉक्टरांनी नवी तपासणी ठरवली. दुर्बिणीच्या नळीतून सोनोग्राफीची बारीक कांडी थेट मूत्राशयात घालायची. अस्तरावर असेल तर गाठ खरवडतील, खोल गेली असेल तर मूत्राशयच काढावं लागेल. भूल द्यायची, म्हणून रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, असं त्यांनी बजावलं होतं.

पण तुम्ही आदल्या संध्याकाळी सांगितलंत, "सोनोग्राफी म्हणजे टाकी फुल पाहिजे, दादा." (तुम्ही टेलिफोन खात्यात होतात, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.) दादांनाही उल्हासनगर कॅम्प चारची पहिली सोनोग्राफी आठवली. तिथली बाई "अंकल, और पियो, अभी नहीं दिखता" म्हणत त्यांना तासभर बसवून होती. तेव्हापासून ते या विषयातले जाणकार आहेत. सकाळी मी माझा डबा भरत होते (मी उपाशी राहून कोणाचा कॅन्सर बरा होत नाही), तेव्हा गृहस्थ मोरीत तांब्यामागून तांब्या रिचवत होते. मग भाड्याच्या गाडीत मांड्या आवळून, समाधी लागल्यासारखे गप्प बसले. मला वाटलं, घाबरलेत. मी धीर दिला. वाया गेला.

आत नेल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलंत का. दादा अभिमानाने म्हणाले, "काठोकाठ भरून आलोय, आता लवकर घ्या." त्यांनी लगेच घेतलं, बाहेर. (भुलीत उलटी फुफ्फुसात गेली तर माणूस जातो, मूत्राशय शाबूत राहतं.) आता दादा म्हणतात, नळी नको, बघायचंच नको, आहे तसं राहू दे. गाठीलाही त्यांचा हा विचार पसंत पडेल.

आपली,
शीलावहिनी

ता. क. : नवी तारीख पुढच्या गुरुवारची आहे. ते तुमचं ऐकतात, हे सिद्ध झालंच आहे. तेव्हा बुधवारी या आणि त्यांना कोरड्या घशाने हॉस्पिटलात न्या.

ता. क. २ : फोनवर सांगू नका, येऊनच सांगा. दादांना आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी एकटीच होते. डबा तसाच परत आला.