दादा, उद्या तुझे दरोडेखोर गारठ्यात जाणार

प्रिय दादा,

तुझी तब्येत कशी आहे? पहाटेची खोकल्याची उबळ थांबली का? आईचे गुडघे काय म्हणतात? तिकडे जिने नसले म्हणजे मिळवली. अण्णांचा दमा? वहिनींची साखर? त्यांना म्हणावं, आता बर्फी डब्यांच्या मागे लपवायचं कारण नाही, उजळ माथ्यानं खा. आणि आमची मंदा कशी आहे रे? तिचा मोतीबिंदू पिकला होता, काढायचा राहून गेला. तिला नीट दिसतं ना आता? नसेल दिसत तर उंबऱ्याशी तिचा हात धर. ती स्वतः कधी कुणाला हाक मारायची नाही, मला नवऱ्यालाही कधी मारली नाही.

आणि तुझी ती कागदावरची मंडळी? डावखुरा डॅन, टकला टॉम, ती घोडे चोरणारी मार्था? ज्यांना तू फासावर चढवलंस ते तिकडे भेटले असतील तर जुनं काढत बसू नकोस. चहा विचार.

बघ, एकेकाची चौकशी करत इथवर आलो, तेव्हा कळलं की ज्यांना 'कसं आहे' विचारावं ती सगळी माणसं तुझ्याच बाजूला आहेत. ह्या बाजूला राहिलो मी आणि तुझी अनू. मी बरा आहे. अनूचं सांगतो.

दादा, आज पत्र लिहायला बसलो, कारण उद्या सकाळी तुझे सगळे कागद मी माझ्या हातानं देऊन टाकणार आहे. देण्याआधी तुला विचारायला नको?

मी इथे डचांच्या देशात, हार्लेमला अनूच्या घरी आहे. तुझी ट्रंक घेऊन आलोय. विमानतळावर तिथल्या माणसानं विचारलं, 'आजोबा, ह्यात काय?' मी म्हटलं, 'दरोडेखोर!' अनूला फोनवर हे सांगितलं तर ती किंचाळलीच. 'काका, विमानतळावर असलं काही बोलतात का?' पण त्या माणसानं उघडून पाहिलं आणि वर मीच काढलेलं चित्र निघालं. डॅन घोड्यावर, मागे लाल डोंगर. तो हसला, जा म्हणाला.

तुला आठवतं, त्या घोड्यांवरून तू मला किती बोलायचास? 'बाळ्या, हा अमेरिकेतला घोडा आहे का मिरज स्टेशनवरचा टांग्याचा?' अरे, मी जन्मात दुसरा घोडा पाहिला होता का? दुकानांच्या पाट्या रंगवणारा मी, सातवीतून शाळा सुटलेला. आणि तू तरी कुठे गेला होतास? मालधक्क्यावर दिवसभर पोत्यांची नोंद करायचास आणि संध्याकाळी घरी येऊन कागदावर आगगाड्या लुटायचास! पण तुझे डबे खरे असायचे हं. डब्याची कडी बाहेरून कशी निघते ते तुला डॅनपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आता तुझे हे कागद कुणाला हवेत असं तू विचारशील. तुझ्या लेकीनं आपल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि इथल्या एका ग्रंथसंग्रहालयातल्या बाईंचं तिला पत्र आलं. मार्लीस नाव. ज्यांनी अमेरिका कधी पाहिली नाही अशा लोकांनी आपापल्या भाषेत लिहिलेल्या दरोडेखोरांच्या कथा त्या जमवतात. छापील पुस्तकं तर ठेवतातच, पण लेखकाचे हाताचे कागद, प्रकाशकाची पत्रं, खोडलेलं, फाडलेलं, सगळं. त्यांचे स्वतःचे आजोबा असली पुस्तकं डच भाषेत वाचायचे म्हणे. म्हणजे बघ, गावोगावी एक मिरज आहेच!

परवा आम्ही ट्रंक घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाई गोड आहेत. इंग्रजीत विचारतात, अनू मला मराठीत सांगते. त्यांनी चित्रं बघून विचारलं, तुमचे दरोडेखोर दारूच्या गुत्त्यात शिरताना बूट बाहेर का काढतात? मी म्हटलं, 'मदर.' अनू खो खो हसायला लागली. मग सगळं सांगावं लागलं. तू वाचून दाखवायचास आणि आई भाजी निवडत ऐकायची. एकदा मध्येच म्हणाली, 'चिखलाच्या बुटानं आत गेला मेला? मग पुढचं नको सांगूस.' त्या दिवसापासून तुझा एकही दरोडेखोर बुटासकट आत गेला नाही. आणि श्रावण! 'श्रावणात माणूस मारू नकोस रे, कागदावरसुद्धा नको.' पुण्याचे प्रकाशक चिडून लिहायचे, फाशी कधी? तू उत्तर धाडायचास, गणपती होऊ द्या!

हे ऐकून बाईंनी काय केलं माहीत आहे? हसल्या नाहीत. विचारलं, 'तुमच्या आईंचं नाव काय?' आणि लिहून घेतलं. आईचं नाव शेवटचं कुणी विचारलं होतं?

इथपर्यंत सगळं दुधात साखर. मग त्या आम्हांला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एक पांढरी पेटी होती, माणूस आडवा मावेल एवढी. झाकण उचललं तर आतून धूर यावा तशी वाफ आली. डीप फ्रीज. बाहेरून आलेले सगळे कागद आधी काही दिवस ह्यात ठेवायचे, म्हणजे आतले किडे मरतात. तो इथला नियम.

मी म्हटलं, 'आमच्या घरातल्या कागदात किडे? रोज उन्हाला लावतो, कडुलिंबाचा पाला घालतो.' अनूला म्हटलं, सांग त्यांना. आणि दाखवावं म्हणून ऐटीत गठ्ठा सोडला, तर पहिल्याच पानावरून कसर पळाली. चांगली लठ्ठ, रुपेरी, शेपटी हलवत! झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी बसलो उघडून दाखवायला. पान उलटलं तर मार्थाच्या कबुलीजबाबाला एवढं भोक. तू हसला असतास. मला नाही हसू आलं.

तरी मी नाहीच म्हणालो. ट्रंक उचलली आणि चला म्हटलं. मार्लीसबाईंनी दार उघडून धरलं. ट्रेनमध्ये अनू खिडकीकडे तोंड करून बसली. हार्लेम आल्यावर म्हणाली, 'काका, त्यात बाबा नाहीयेत. पेपर्स आहेत फक्त.'

दादा, तिला कसं सांगायचं? मी कधी सांगितलंच नव्हतं.

तू गेलास तेव्हा अनूला इथून पोचेपर्यंत तुला दवाखान्यातल्या त्या थंड कप्प्यात ठेवलं होतं. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो. तुला गारठा कधी सोसला नाही. जूनमध्येही कानाला मफलर बांधणारा तू! मी घरून शाल आणली. तिथल्या माणसाला म्हटलं, 'एवढी आत घालता येईल का?' तो काही वाईट नव्हता. म्हणाला, 'आजोबा, त्यांना आता थंडी वाजत नाही. तुम्हांला वाजतेय. ही तुम्हीच पांघरा आणि घरी जा.' मी पांघरली. घरी मात्र गेलो नाही.

हे सगळं त्या संध्याकाळी जेवताना तिला सांगितलं. तुझ्या लेकीनं पिठलं केलं होतं, तुझ्यासारखंच गुठळ्यांचं. ऐकता ऐकता तिचा घास हातात राहिला. मग म्हणाली, 'काका, मी आले ना, तेव्हा बाबांच्या कपाळाला हात लावला. इतकं गार होतं की मी झटकन हात काढून घेतला. सगळ्यांसमोर. तुम्ही पाहिलंत?'

मी म्हटलं, 'नाही गं.' पाहिलं होतं, दादा.

'मी अजून झोपेत हात काढून घेते,' ती म्हणाली. मग डोळे पुसून एकदम भांडायलाच उठली. 'तुमच्याकडे आपलं घर आहे. बाबांची खुर्ची आहे, गल्ली आहे. रस्त्यात कुणी म्हणतं, अहो, तुमच्या दादांसारखं कुणी लिहिलं नाही. माझ्याकडे इथे काय आहे? ऑफिस झुइडासला, घर हार्लेमला, आणि मध्ये सायकल! कॉलेजात असताना मुलींना सांगायची लाज वाटायची की माझे बाबा असली पुस्तकं लिहितात. एकही वाचलं नाही मी. आता इथे एक जागा होतेय, जिथे मी जाऊन म्हणू शकते, माझ्या बाबांचे पेपर्स दाखवा. तेवढंही नको?'

आणि माझं म्हणशील तर? तू गेल्यापासून रोज सकाळी ट्रंक उघडायची, गठ्ठे गच्चीवर मांडायचे, वर दगड ठेवायचे, दुपारी गोळा करायचे, हाच माझा संसार. मंदा गेल्यावर तर तेवढंच राहिलं. शेजारचे म्हणायचे, 'बाळकाका, पापड वाळत घातलेत का?' मी म्हणायचो, 'हो, दादाचे!' कागद दिले की सकाळी उठून करायचं काय, हा खरा घोर. गारठा हे निमित्त असेल अर्धं. तुझ्यापाशी काय लपवायचं?

पण तूही जरा चुकलास हं. बोलतोच आता. दोन माणसं मागे ठेवलीस आणि वाटणी न सांगता गेलास. त्या पोरीला एकदा तरी समोर बसवून म्हणायचं होतंस, वाच गं माझं. तुझा अभिमान आडवा आला. तिला लाज वाटते हे तुला कळलं होतं ना? म्हणून ती सुट्टीत आली की ट्रंकेवर चादर घालायचास. मला वाटायचं धुळीसाठी.

आज ती ऑफिसला गेली आहे. घरात मी एकटा. इथल्या खिडक्यांना पडदे नसतात, रस्त्यावरून जाणारा आत बघतो आणि हात करतो. मीही करतो. समोरच्या आजी कुत्र्याला फिरवताना 'दाख', म्हणजे इथला रामराम, म्हणतात, मी 'दाख' म्हणतो, झालं माझं दिवसभराचं बोलणं. वारा असा की छत्री धरावी की स्वतःला, कळत नाही. टेबलावर तुझे गठ्ठे मांडलेत. शेवटच्या खेपेस. एकेकाला हात लावून पाहिला. कडुलिंब काढून टाकला, तो तिथे चालत नाही.

सकाळी मी अनूला म्हटलं, 'उद्या जाऊन देऊन येऊ.' ती निघाली. सायकलचं कुलूप काढता काढता परत आत आली, माझ्या पाया पडली आणि पुन्हा धावत गेली. ट्रेन चुकली असणार.

दुपारी फोन करून तिच्याकडून मार्लीसबाईंना एकच विचारून घेतलं. घरच्या माणसाला एखादा कागद वर ठेवायचा असेल तर चालेल का? त्यांचं उत्तर आलं. चालेल, पण पेन्सिलीनं लिहिलेला असावा आणि टाचणी नको. म्हणून हे असं फिकट लिहितोय. दादा, त्या वेळी मला आत येऊ दिलं नाही. ह्या वेळी येतोय. हे पत्र सगळ्यांत वरच्या गठ्ठ्यावर असेल, तुझ्या हस्ताक्षराला चिकटून. झाकण लागलं की घाबरू नकोस. मी आहे.

आणि एक वचन देतो. मिरजेला परत गेलो की रिकाम्या ट्रंकेकडे बघत बसणार नाही. तुझी छापील पुस्तकं आहेत माझ्याकडे. दर रविवारी अनूला फोन करायचा आणि एकेक प्रकरण वाचून दाखवायचं, पहिल्या पुस्तकापासून. तिनं होकार दिलाय. 'पण काका, फाशीचं आलं तर आधी सांगा,' म्हणाली. फाशी वगळणार नाही, तुझा शब्द खाली पडू देणार नाही. फक्त श्रावणात थांबू. आईही ऐकत असेल.

तर आता तुला एक विनंती. उत्तर लवकर लिही. सगळ्यांचं एकेकाचं लिही, मंदाचं जरा सविस्तर. पण पत्र मिरजेला नको पाठवूस, इथे हार्लेमला अनूच्या पत्त्यावर टाक. संध्याकाळी दमून दार उघडेल तेव्हा खाली तुझं पाकीट पडलेलं दिसू दे तिला. ती मला फोनवर वाचून दाखवेल, म्हणजे एका पत्रात दोघांचं भागेल. आणि अक्षर जरा मोकळं, सुटं काढ. मराठी वाचताना पोर आता अडखळते.

वाट बघतो.

तुझा,
बाळ्या