कॉम्प्युटर साफ केला, खोलीचं तुम्ही पाहा

अहो,

कॉम्प्युटर साफ केला आहे. आज दहावीच्या पोरींले प्रमेय दाखवून राहिली होती, तर मधातच पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली, मग कमी कपड्यातल्या बाईची. पोरी माना खाली घालून हसत होत्या. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ढीगभर साइटांनी 'जाहिराती पाठवू का' विचारलं, अन् तुम्ही 'परवानगी द्या' दाबून ठेवलं होतं. काहून? समोर कोणी आलं की हो म्हणायचं, नाही म्हणताना जीव जाते तुमचा. एकेकीची परवानगी काढली. तो फुकटात मॅच दाखवणारा प्रोग्रामही उडवला. परत टाकाल तर याद राखा.

पोरी गेल्या न गेल्या तोच तुमचे अंकुशभाऊजी टेप घेऊन हजर. माझी ट्यूशनची खोली मोजून राहिले! म्हणे, 'दादानं मले मोबाइलच्या दुकानाले दिली.' अन् मी पोरींले कुठं बसवू, छतावर?

मी नंदनवनले आईकडे चालली. वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे, पोळ्या तुम्ही लाटा.

त्या जाहिरातींनी घरात शिरायच्या आधी तुम्हाले विचारलं तरी होतं. तुम्ही मले तेवढंही विचारलं नाही.

प्रीती